चौपट की सदतीसपट?

मंडळी, आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्याबद्दलचं एक वाक्य आपण सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय आणि ऐकवलंय, की ते कधी तपासावं असं कुणाच्या मनातही येत नाही. ‘लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा!’ पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की आपण त्यांना राजवाड्याच्या फाटकाशी उभं करतो आणि हे सांगतो. सांगताना मान जरा वर होते. बडोदेकरांचा तो हक्कच आहे.

मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीची दहा-बारा मुलं माझ्याकडे जमतात, हे मागे या सदरात लिहिलं होतंच. ‘इतिहासाचा क्लास’ म्हटलं तर एकही येणार नाही, म्हणून आम्ही त्याला ‘तपास’ म्हणतो. पावसाळ्यात तपासाला हेच वाक्य घेतलं. मुलांनी पाच मिनिटांत मोबाइलवरून दोन आकडे काढून दिले. राजवाडा ३,०४,९२,००० चौरस फूट आणि बकिंगहॅम पॅलेस ८,२८,८२१ चौरस फूट. हे आकडे अनेक बातम्यांत आणि व्हिडिओंत असेच शेजारी शेजारी छापलेले सापडतात. त्यांच्या दृष्टीने काम संपलं होतं.

मी म्हटलं, “भागाकार करा ने.”

भागाकार आला छत्तीस पूर्णांक आठ, म्हणजे जवळजवळ सदतीसपट. मग चौपट कुठून आलं? वर्गात पहिल्यांदा शांतता पसरली. एका मुलाला शंका आली की तीन कोटींचा आकडा फारच गुळगुळीत आहे, शेवटी तीन शून्यं आहेत. एक मुलगी त्या आकड्याला निरनिराळ्या संख्यांनी भागत बसली. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. त्याने भागल्यावर उत्तर आलं बरोबर ७००. ना एक जास्त, ना एक कमी.

राजवाड्याचं मूळ आवार सुमारे ७०० एकरांचं होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे कुणीतरी कधीतरी ७०० एकर जमिनीचे चौरस फूट केले, आणि ते बकिंगहॅमच्या खोल्या-दालनांच्या क्षेत्रफळाशेजारी नेऊन ठेवले. एकीकडे अख्खं शेत मोजलं आणि दुसरीकडे नुसतं घर! जमिनीची जमिनीशी तुलना करायची, तर लंडनच्या राजवाड्याची बाग सुमारे ३९ एकरांची आहे. तो भागाकार येतो अठरा. चौपट तिथेही नाही. मुलांनी वहीत निष्कर्ष लिहिला तो असा: ‘दोन्हीकडचं बांधकाम एकाच पद्धतीने मोजलेलं हातात आल्याशिवाय किती पट ते सांगू नये. भव्य आहे, एवढं सांगावं.’

एका पालकांना हे फारसं रुचलं नाही. “बाई, मुलांना अभिमान शिकवायचा सोडून तुम्ही त्यांना वजाबाकी शिकवताय.” त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं, कारण त्यात तथ्य नाही असं नाही. पण त्या रविवारनंतर मुलांनी आपणहून राजवाड्याची माहिती काढली. काम सुरू करणारे वास्तुविशारद चार्ल्स मँट १८८१ साली वारले, पुढे रॉबर्ट चिझम यांनी ते पुरं केलं आणि १८९० साली वास्तू तयार झाली. चौपटीच्या वाक्यावर समाधान मानणाऱ्या कुणालाही यातलं काही विचारून पाहा!

तीन प्रश्न

आजची मुलं शोधण्यात पटाईत आहेत. आपल्याला चष्मा सापडेपर्यंत त्यांची दहा उत्तरं काढून झालेली असतात. अडचण आहे ती पुढे. उत्तर सापडलं म्हणजे ते खरं, आणि दहा ठिकाणी सापडलं म्हणजे दहापट खरं, असं त्यांना वाटतं. दहाही ठिकाणी एकाच जागेवरून उचललेलं असू शकतं, हे लक्षात यायला वेळ लागतो. म्हणून फळ्यावर आमचे तीन प्रश्न कायम लिहिलेले असतात. कोण सांगतंय? कधी सांगतंय? त्याला कसं कळलं?

प्रश्न साधे आहेत, पण ते वापरायची सवय लागते. एक उदाहरण सांगते. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण केव्हा सुरू केलं? अर्ध्या मुलांनी १८९३ आणलं, अर्ध्यांनी १९०६. लगेच दोन तट पडले आणि ‘तुझी साइट खोटी’ सुरू झालं. खरं तर दोन्ही सालं बरोबर आहेत. १८९३ मध्ये ते अमरेली भागात प्रयोग म्हणून सुरू झालं आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानाला लागू झालं. दोन नोंदी जुळत नाहीत म्हणजे त्यातली एक खोटी, असं नेहमीच नसतं. कधी कधी दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. हे चौदाव्या वर्षी कळलं, तर पुढे आयुष्यात भांडणंसुद्धा कमी होतील, असं मला आपलं वाटतं.

शोधायचं कसं, हीसुद्धा शिकायचीच गोष्ट आहे. आपल्या गावात मराठी साहित्य संमेलन किती वेळा झालं, असं मी विचारलं होतं. ‘वडोदरा’ लिहून शोधणाऱ्यांना २०१८ सालचं तेवढं मिळालं. मग म्हटलं, आजीला विचारा ती गावाला काय म्हणते. आजी ‘बडोदं’ म्हणते, जुनी पुस्तकं ‘बडोदें’ छापतात, इंग्रजी कागद ‘बरोडा’ म्हणतात. ‘बडोदे’ टाकल्यावर १९०९, १९२१ आणि १९३४ ही तिन्ही सालं वर आली. १९२१ च्या संमेलनाचे अध्यक्ष न. चिं. केळकर होते, हेही त्याबरोबर कळलं. गायकवाड हे आडनावसुद्धा जुन्या इंग्रजी पुस्तकांत शेवटी ‘ड’ऐवजी ‘आर’ लावून लिहिलेलं असतं. जुन्या काळाला हाक मारायची तर त्या काळच्या नावाने मारावी लागते. आणि इथे घरात मराठी बोलणारं मूल गुजराती किंवा इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या इतर मुलांच्या एक पाऊल पुढे असतं. त्याच्याकडे तीन भाषांच्या किल्ल्या असतात. फक्त मराठी वाचायचा सराव हवा. आमच्याकडे निम्मी मुलं मराठी अस्खलित बोलतात आणि अक्षर लावत लावत वाचतात. तपासाच्या निमित्ताने तो वेग वाढतोय, हा माझा छुपा स्वार्थ.

न सापडणारं पुस्तक

यंदा एक नवीन पाहुणा आलाय, एआय. नववीतल्या एका मुलीने बडोद्याच्या वाचनालय चळवळीवर चॅटबॉटला विचारलं. त्याने झकास दोन पानं लिहून दिली आणि खाली आधार म्हणून एका मराठी पुस्तकाचं नाव, लेखक, साल आणि पान क्रमांकही दिला. मुलगी खूश. मी म्हटलं, चला, ते पान बघून येऊ.

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. यादीत ते पुस्तक नव्हतं. इंटरनेटवरच्या मोठ्या ग्रंथालयांच्या याद्यांत शोधलं, तिथेही नाही. त्या लेखकाच्या नावावर असं काही पुस्तकच नव्हतं. मुलीने चॅटबॉटला विचारलं, “नक्की आहे का हे पुस्तक?” त्याने नम्रपणे माफी मागितली आणि दुसरं एक पुस्तक सुचवलं. तेही नव्हतं!

ती खट्टू झाली, पण त्या दिवसाचं सोनं झालं. कारण जिथे शोधायला गेलो, तीच इमारत त्या विषयाचा पुरावा होती. महाराजांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतलं. १९१० ते १९१३ या काळात त्यांनी इथे राहून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली. पुस्तकांच्या दालनातली जमीन काचेची आहे, ती मुलांनी वाकून वाकून पाहिली. ज्या गावात वाचनालय नाही, तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या पाठवायच्या, अशी फिरती वाचनालयंही तेव्हा होती. एक मुलगा म्हणाला, “म्हणजे पेनड्राइव्हच!” मी हो म्हटलं.

एआय वापरू नका असं मी मुलांना सांगत नाही. सांगून ती ऐकणारही नाहीत, आणि त्याचे उपयोगही आहेत. शोधायला शब्द सुचव, हा इंग्रजी उतारा सोपा करून सांग, माझ्या लिखाणात कुठे आधार कमी पडतोय ते दाखव, ही कामं त्याला द्यावीत. पण साक्षीदार म्हणून त्याला पिंजऱ्यात उभं करू नये, कारण घटनेच्या वेळी तो तिथे नव्हता. जे पान आपण स्वतः पाहिलं नाही, ते आधार म्हणून लिहायचं नाही, हा आमचा नियम आहे.

हा नियम काही मी काढलेला नाही. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांमधली दप्तरं उघडून कागद गोळा करत होते. १८९८ मध्ये त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे त्याचे बावीस खंड झाले. आणि रियासतकार गो. स. सरदेसाई तर आपले बडोद्याचेच म्हणायचे. १८८९ पासून पस्तीसहून अधिक वर्षं ते महाराजांच्या नोकरीत इथे होते. राजपुत्रांना इतिहास शिकवायचा, त्यासाठी टिपणं काढायची, आणि त्या टिपणांतून ‘रियासत’ उभी राहिली. म्हणजे मराठीतला इतका मोठा इतिहासग्रंथ जन्मला तो एका शिक्षकाच्या वर्गाच्या तयारीतून. मुलांना हे सांगितलं, की वहीतली टिपणं जरा नीट अक्षरात येऊ लागतात.

खापरपणजोबांचा कागद

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. नावं देत नाही. त्या घरच्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

दांडिया बाजारातलं एक जुनं घर पाडून तिथे फ्लॅट होणार होते. आमच्यातल्या दहावीच्या मुलाचं ते घर. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आत ताम्हनं, एक फेटा, पंचांगं आणि कापडात बांधलेले कागद. पस्तीवाला दारात उभा होता आणि वजनकाटा लावून झाला होता. मुलाने कागद तेवढे बाजूला काढले आणि रविवारी घेऊन आला.

त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी, की मुलाचे खापरपणजोबा महाराजांच्या खास मर्जीतले होते, राजवाड्यात त्यांची रोजची ऊठबस होती, आणि महाराजांबरोबर ते विलायतेलाही जाऊन आले. घरातल्या प्रत्येक लग्नात ही गोष्ट निघते. आजोबांच्या तोंडून मी स्वतः दोनदा ऐकलेली आहे.

कागद मोडीत होते. आपल्या मंडळात मोडी सराईतपणे वाचणाऱ्या एकच आजी आता उरल्या आहेत, वय नव्वदीच्या घरात. मुलांनी कागदांचे फोटो काढले, आजींच्या घरी टीव्हीच्या पडद्यावर मोठे करून लावले आणि आजींनी काठीने एकेक अक्षर दाखवत वाचलं. चार रविवार गेले. नेमणूक, बदल्या, पगार, रजा असं सगळं हळूहळू उलगडत गेलं. खापरपणजोबा राजवाड्यात नव्हतेच. ते अमरेलीकडे कारकून होते. शाळेच्या वयाच्या मुलांच्या याद्या करायच्या, कोण शाळेत येतं, कोण येत नाही त्याची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम. सक्तीच्या शिक्षणात मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड होता, तेव्हा अशा याद्या कुणीतरी करणं भागच होतं. बरीच वर्षं ते तिथेच होते. विलायतेच्या वाटेला जावं इतकी लांब रजा त्या कागदांत कुठे दिसत नाही.

मुलाने घरी जाऊन सांगितलं. आजोबा काही बोलले नाहीत. दोन आठवडे ते मंडळाच्या कार्यक्रमालाही आले नाहीत. मुलाची आई मला फोनवर म्हणाली, “बाई, त्यांना या वयात हे कशाला कळायला हवं होतं?” मला उत्तर देता आलं नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडून त्याची गोष्ट काढून घेणं ही काही गंमत नव्हे. मुलगाही रडवेला झाला होता. “मी कागद पस्तीत जाऊ दिले असते तर बरं झालं असतं का?” असं त्याने विचारलं. त्याला मी एवढंच म्हटलं, की आजोबांना काही सिद्ध करून दाखवायचं नाही. आपल्याला सापडलं ते त्यांच्यासमोर ठेवायचं आणि त्यांना बोलू द्यायचं.

मग त्याने एका कोऱ्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे ‘घरात सांगतात ते’, उजवीकडे ‘कागदात आहे ते’. डावा रकाना खोडला नाही. ते पान आजोबांच्या टेबलावर ठेवून दिलं.

तिसऱ्या रविवारी आजोबा स्वतः काठी टेकत हॉलवर आले. मुलांसमोर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “माझे आजोबा वारले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. विलायतेचं त्यांनी स्वतः मला कधी सांगितलं नाही. ते सगळं आत्या सांगायची. आत्याला कुणी सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.”

फळ्यावर तिसरा प्रश्न लिहिलेलाच होता. आजोबांची नजर तिकडे गेली की नाही, मला माहीत नाही. पुढे ते बराच वेळ बोलले. आजोबांचा हात धरून भाजी आणायला गेल्याचं, त्यांच्या बोटांवरच्या शाईच्या डागांचं, घरी आलेल्या कुठल्याही मुलाला ‘शाळेत जातोस ना रे?’ हे ते पहिलं विचारायचे, त्याचं. ही शेवटची गोष्ट सांगताना ते मध्येच थांबले. ती सवय कुठून आली असेल, ते त्यांना तेव्हा उमगलं असावं. मुलाने सगळं रेकॉर्ड करून घेतलं आणि पानावर तिसरा रकाना आखला, ‘आजोबांना आठवतं ते’.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. कागदांची एक प्रत मंडळात ठेवायला आजोबांनी परवानगी दिली, इंटरनेटवर टाकायला दिली नाही. त्यांचे धाकटे भाऊ अजूनही विलायतेचीच गोष्ट सांगतात आणि पुतण्याच्या लग्नात ती पुन्हा निघाली. आजोबा त्या वेळी गप्प बसले होते, असं मुलगा सांगत होता.

कमाटी बागेत

घरच्या इतिहासाचं जे, तेच गावाच्या इतिहासाचं. आपल्याला सोयीचं तेवढं सांगायचं आणि उरलेलं ट्रंकेत ठेवायचं, ही सवय आपल्या सगळ्यांना आहे. डॉ. आंबेडकरांना १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात जाता आलं, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो आणि ते सांगायलाच हवं. पण १९१७ साली तेच आंबेडकर शिकून संस्थानाच्या नोकरीसाठी परत आले, तेव्हा या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी असल्याचं भासवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. ते उघड झाल्यावर काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा विचारला, दोघांनीही टाळलं. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला.

हे कुणी सांगितलं? स्वतः त्यांनीच, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत. कधी सांगितलं? घटनेनंतर सुमारे अठरा वर्षांनी. कसं कळलं? त्यांच्यावरच गुदरलं होतं. तीन प्रश्न लावल्यावर मुलांना कळलं, की कमाटी बाग म्हणजे नुसती छोटी आगगाडी आणि प्राणिसंग्रहालय नव्हे. एका मुलीने विचारलं, “तेव्हा आपल्या लोकांपैकी कुणी त्यांना घरी का नाही नेलं?” ‘आपले लोक’ म्हणजे कोण, यावर मग तासभर बोलणं चाललं. माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं आणि मी ते बनवलंही नाही. महाराजांची थोरवी त्या तासाने कमी झाली असं मला वाटत नाही. दरबारातून एक हुकूम निघणं आणि गल्लीतलं एक दार उघडणं यांत किती अंतर असतं, ते मुलांना दिसलं.

दिवाळीच्या साफसफाईआधी

आता घराघरांत माळे उघडतील. तेव्हा एवढं करा.

कागद पस्तीत घालण्याआधी घरातल्या मुलाला एकदा हाक मारा. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी काढायला सांगा, फ्लॅश बंद ठेवून. कागदाशेजारी फूटपट्टी ठेवा म्हणजे मूळ आकार कळतो. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो काढा. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो आणि तोच कधी कधी साल सांगून जातो. फाटक्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. फोटोच्या फाइलला मोबाइलने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवू नका. साल, गाव, कुणाचा कागद आणि पान क्रमांक, या क्रमाने नाव द्या. प्रती दोन ठिकाणी ठेवा. एक फोनमध्ये आणि दुसरी फोनबाहेर, कारण फोन हरवतात.

आजी-आजोबांना बोलतं करताना ‘कुठल्या साली?’ असं विचारू नका, ते गोंधळतात. ‘संस्थान विलीन झालं त्याच्या आधी की नंतर?’, ‘गुजरात वेगळा झाला तेव्हा तुम्ही कितवीत होतात?’ असं विचारा. फक्त जपून! विलीनीकरण १ मे १९४९ चं आणि गुजरातची स्थापना १ मे १९६० ची. नुसतं ‘एक मे’ ऐकून वहीत लिहून घेतलंत, तर अकरा वर्षांची गडबड होईल.

आणि सगळं सापडलेलं सगळ्यांना दाखवायचं नसतं. कर्जाचे कागद, आजारपणाची पत्रं, दत्तकाची, भाऊबंदकीची प्रकरणं यांवर हयात माणसांचा अधिकार असतो. बँकेची पासबुकं आणि ओळखपत्रं तर चुकूनही ग्रुपवर टाकू नका. आधी विचारायचं, मग दाखवायचं. आमच्या मुलांनी हे त्या आजोबांकडून शिकून घेतलंय.

मोडी कागद निघाले तर घाबरू नका. संगणकावर ती लिपी लिहिण्याची सोय २०१४ सालीच युनिकोडमध्ये झाली आहे आणि शिकायला मुळाक्षरांचा एक तक्ता पुरतो. पुढच्या महिन्यापासून आजी दर शनिवारी दुपारी चार ते पाच आपल्या घरी मोडी शिकवणार आहेत. सध्या सहा मुलं आणि दोन आया येताहेत. आजींच्या दिवाणखान्यात आणखी चार जणांची जागा आहे. नावं मंडळाच्या कार्यालयात द्या. दूधपाक मिळेल या आशेवर येऊ नका, त्या फक्त चहा देतात.